ऐनवेळच्या विषयात गेलेलं मैदान : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी एका नगर परिषदेच्या हद्दीत राहणारा निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. गेल्या गुरुवारी आमच्या नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव झाला. बावीस वर्षं जिथे खो-खोचा सराव चालतो, त्या जागेचं 'क्रीडांगण' हे आरक्षण बदलायचं आणि तिथे व्यापारी संकुल उभं करायचं. हा प्रस्ताव महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालचा आहे. हरकती-सूचनांचा एक महिना उलटला की फाइल मंजुरीसाठी शासनाकडे येईल. तिच्यावर सही होण्याआधी आपण हे पत्र वाचावं, एवढीच सुरुवातीची विनंती.

सभा लोकांसाठी खुली असते म्हणून मी प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो होतो. विषयपत्रिका आदल्या दिवशीच मिळवली होती. चौदा विषय होते. मैदानाचं नावही नव्हतं, म्हणून खरं तर मी निर्धास्त होतो. गटारं, दिवे, कचऱ्याच्या गाड्या असे चौदाही विषय झाले, माणसं उठायला लागली, आणि मग वाचन सुरू झालं : "ऐनवेळचा विषय क्रमांक तीन, सर्व्हे नंबर अमुकमधील आरक्षणाच्या फेरबदलाबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे." सर्व्हे नंबर कानावर पडला तसा मी खिशातून चष्मा काढला. तो डोळ्यांवर चढवून खाली बघतो तोवर बाकं वाजली होती, "मंजूर, मंजूर" झालं होतं. सूचक कोण, अनुमोदक कोण, कळलं नाही. दोन सदस्यांनी हात वर केले होते, त्यांच्यापर्यंत माईक पोचलाच नाही. मी गॅलरीतून उभा राहिलो तर शिपाई म्हणाला, "काका, बसा, नाहीतर बाहेर जावं लागेल."

विचारविनिमय करून निर्णय घेणे! साहेब, आमच्या गल्लीतला दिवा बंद पडला तर तो बदलायला तीन-तीन महिने अर्ज घेऊन फिरावं लागतं. आणि मैदान अर्ध्या मिनिटात जातं?

दुसऱ्या दिवशी ठरावाची प्रत मागितली. उत्तर मिळालं, इतिवृत्त अजून कायम झालेलं नाही, पुढच्या सभेत कायम झालं की मिळेल. म्हणजे ठरावावर काम सुरू करायला इतिवृत्त लागत नाही, नागरिकाला दाखवायलाच लागतं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. तीस दिवस थांबायचं. तेवढ्यात हरकतींची मुदत संपली तर मी न पाहिलेल्या ठरावावर हरकत कशी घेणार होतो, हे मला कोणीतरी सांगा.

मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्याकडे चार वर्षं प्रशासक होता. लोकांनी निवडून दिलेली सभाच नव्हती. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची असं राज्यघटनेचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं, तरी चार वर्षं गेली. अखेर २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. सकाळी साडेसातला मतदान सुरू होतं, मी सव्वासातला रांगेत होतो. का? तर त्याआधी पंधरा दिवस याच मैदानावर प्रचाराची सभा झाली होती. फक्कीच्या रेषा पुसून तिथे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माईकवरून शब्द दिला होता की या मैदानाला हात लागणार नाही, उलट पोरींना मॅट आणून देऊ. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो शब्द सहा महिनेसुद्धा टिकला नाही.

हे मैदान म्हणजे काय, तेही ऐका. जागा नगर परिषदेच्या नावावर झाली तेव्हा तिथे बाभळी आणि काचा होत्या. मी आणि आठवी-नववीची पोरं दोन उन्हाळे तिथे खपलो. मुरूम टाकला, वर लाल माती टाकली, पाणी मारलं, रोलर फिरवला. मातीच्या ट्रॅक्टरचे पैसे माझ्या पगारातून गेले. त्याची पावती माझ्याकडे नाही आणि मी ती मागायलाही आलेलो नाही. पण माझ्या गुडघ्याची वाटी त्याच मैदानावर गेली, जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो. मुलीच्या बारावीच्या वर्षी, ऐन फेब्रुवारीत, मी दुसऱ्यांच्या मुली घेऊन स्पर्धांना हिंडत होतो. ते बोलणं घरात अजून निघतं आणि मला उत्तर देता येत नाही. निदान मैदान तरी आहे, असं मी म्हणायचो. आता ते कशाच्या जोरावर म्हणू?

खो-खोला जागा लागते ती किती? २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन खांब, मध्यपाटी, आडव्या पाट्या. संपूर्ण शहरात आमच्या पोरींसाठी एवढा तुकडाही उरू नये? विकास आराखडा काढून मी क्रीडांगणाची आरक्षणं मोजली. माझ्या हिशेबाने सात आहेत आणि प्रत्यक्ष खेळता येतं अशी दोन. एखादं इकडेतिकडे झालं असेल, नकाशावरची अक्षरं फार बारीक आहेत. पण त्या दोनातलं एक आता जाणार, यात काही इकडेतिकडे नाही.

शनिवारी मोजणीची माणसं आली आणि त्यांनी मध्यपाटीवरच लाल रंगाची खुंटी ठोकली. तेव्हापासून सराव शाळेच्या फरशीवर घेतो. आमच्याकडे एक नववीतली मुलगी आहे. पळणारी खांबाआड गेली की ही मातीवर सूर मारून तिला गाठते, असा सूर मी खूप वर्षांत पाहिला नव्हता. परवा फरशीवर तिने सवयीने सूर मारला. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालं. मी ओरडलो, "सूर मारायचा नाही!" ती थांबली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. तीन वर्षं मीच तिला सांगत आलोय, अंग टाक, माती सांभाळून घेते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. तेव्हा आमच्या चौकातही अभिनंदनाचे फलक लागले. फलकांवर खेळाडूंपेक्षा मोठे चेहरे कोणाचे होते, ते आपल्याला सांगायला नको. ही मुलं कुठल्या तरी मातीवर पडूनच तिथे पोचली ना? ती माती विकून गाळे बांधायचे आणि पुढच्या चषकाला पुन्हा फलक लावायचे?

मला म्हणतात, सर, तुम्हाला कायद्यातलं कळत नाही. आता कळायला लागलंय. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात शहरांकडे सोपवायची १८ कामं लिहिली आहेत. बारावं काम उद्यानं आणि क्रीडांगणं पुरवण्याचं आहे. पुरवण्याचं, साहेब. बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते कायम ठेवलं. पस्तीस वर्षं झाली, तरी तीच गोष्ट आम्ही पुन्हा कोर्टात जाऊन सिद्ध करायची? वकिलाची फी कोणी भरायची, निवृत्तिवेतनातून मी?

आमच्या शेजारच्या लहानशा गावातही वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तिथला माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. मी शहरात राहतो, घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरतो, आणि मला फक्त गॅलरीत गप्प बसण्याचा हक्क आहे. शहरांसाठी ग्रामसभेसारख्याच, प्रभागातल्या मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. आमच्या प्रभागात आजवर एकही भरलेली मला माहीत नाही. हरकतीची नोटीस पेपरात येते ती निविदांच्या गर्दीत, मुंगीच्या अक्षरात, नुसते सर्व्हे नंबर घालून. 'पोरं खेळतात ते मैदान' असं तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. मग महिन्यानंतर सांगायचं, हरकती आल्याच नाहीत. नगरसेवक म्हणतात मुख्याधिकाऱ्यांना विचारा, मुख्याधिकारी म्हणतात सभागृहाचा निर्णय आहे, सभागृहातले म्हणतात अंतिम मंजुरी शासनाची. या रांगेत शेवटचे उभे आहात ते आपण, म्हणून आपल्यालाच विचारतो.

कलम ३७ खाली येणारा हा फेरबदल नामंजूर करा. तोवर नगर परिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तो वापरायला सांगा. आणि जमिनीचा, आरक्षणाचा कोणताही विषय 'ऐनवेळचा' म्हणून घ्यायचा नाही, असा एक आदेश सगळ्या नगर परिषदांना काढा. त्याला निधी लागत नाही.

खुंटी मी उपटलेली नाही. पोरांनाही हात लावू दिलेला नाही. दोन्ही खांब मात्र त्याच दिवशी काढून घरी आणले, चोरीला जातील म्हणून. पडवीत आडवे ठेवले आहेत. ते पुन्हा कधी रोवायचे, ते कळवावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक