आयसीयूच्या राउंडला आहारतज्ज्ञ हवा

महोदय,

अतिदक्षता विभागात कोणते इंजेक्शन, किती मिलिलिटर, किती वाजता, याचा चोख हिशेब असतो. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, जाणाऱ्या अन्नाचे मात्र अनेक ठिकाणी ‘दर दोन तासांनी २०० मिली’ एवढ्यावरच भागवतात. नातेवाईक घरून मुगाचे गाळलेले कढण नाहीतर नारळपाणी आणतात. पोटात काहीतरी गेले, याचेच समाधान. पण त्या कढणात प्रथिने नावालाच, आणि मूत्रपिंड बिघडलेल्याला नारळपाण्यातले पोटॅशियम महागात पडते.

२०१९ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, प्रकृती स्थिर असेल तर ४८ तासांच्या आत नळीने अन्न सुरू करावे आणि प्रथिने हळूहळू दर किलो वजनामागे रोज १.३ ग्रॅमपर्यंत न्यावीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७८ ग्रॅम! बरे, आठवडाभर उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिले, तर रक्तातले फॉस्फेट घसरून जीवावर बेतू शकते. स्कॅनसाठी थांबवलेले फीड पुन्हा सुरू झाले का, हेही पाहावे लागते.

हे काम आहारतज्ज्ञाचे. त्यांना बोलावतात मात्र बहुधा डिस्चार्जच्या दिवशी, छापील तक्ता द्यायला! रोजच्या राउंडला त्यांना सोबत घ्या आणि केसपेपरवर त्यांच्या सहीचा रकाना ठेवा.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली