अर्धी करंजी

चि. प्राजू हीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्याला आज चार दिवस झाले. फोनवर दोघींचाही आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. खाण्यावर एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलंय.

भाऊबीजेला दादानं पाट मांडला होता. तू आदल्याच दिवशी एसटीत बसलीस हे त्याला काकीनं सांगितलं. तो काहीच बोलला नाही. संध्याकाळी डबा उघडला तर वरच तुझी अर्धी करंजी. दातांची खूण तशीच, सारण डब्यात सांडलेलं. त्या एका करंजीवरून मी बोलले आणि तू पिशवी भरलीस. पहाटे उठून दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभी राहायचीस, हेही मला नंतर कळलं.

बघ, आलंच खाण्यावर.

प्राजू, तीन महिने पाळी आली नाही हे तू मला सांगितलं नाहीस. जूनमध्ये दिलेली पॅडची पुडी तुझ्या बॅगेत तशीच होती, न फोडलेली. मी दवाखान्यात डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मेहनत भरपूर आणि पोटात काही नाही असं चाललं की पाळी थांबते आणि हाडंही ठिसूळ होत जातात. हाडांना बळ यायचं ते याच वयात, राहिलं तर पुढे पुरतं भरून येत नाही. ४५ किलोच्या पोरीनं ४२ किलोच्या गटात कुस्ती कशाला खेळायची? ४६ च्या गटात खेळ. हरलीस तर हरलीस.

बाबा खाशाबांचं नाव काढतात. गोळेश्वरच्या माणसानं १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीतलं कांस्यपदक आणलं, खरंच आहे. पण तेव्हा ते २६ वर्षांचे होते. पॅरिस ऑलिंपिकमधली विनेश फोगाटची बातमी आली त्या दिवशी तू जेवली नव्हतीस, आठवतं? आदल्या दिवशी तीन कुस्त्या मारल्या, जपानच्या सुसाकीलाही हरवलं, रात्रभर वजन उतरवायला धडपडली, केससुद्धा कापले, आणि १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाहेर. ती तेव्हा २९ वर्षांची, स्वतःचं स्वतः ठरवणारी बाई. तू १४ ची आहेस गं. तुझं कुणी ठरवलं?

आम्ही ठरवलं. २०१९ च्या पुरात आपण शाळेत राहिलो होतो ना, तिथं वर्गात पोती अंथरून तू दादाला चीत केलंस. घर पाण्यात असताना बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. तिथंच म्हणाले, हिला तालमीत घालायची. मी मान हलवली. आठ वर्षांच्या पोरीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे जत्रा, लग्नं, मामाच्या गावची सुट्टी, सगळं सुटत गेलं आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत राहिलो.

आणि तरी खोटं कशाला बोलू? तालुक्याच्या मैदानात त्या उंच पोरीला तू ढाक लावून पाडलीस, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, कुणाची गं ही पोर? मी उभी राहून सांगितलं, माझी. रात्री झोप आली नाही मला. ते पुन्हा एकदा सांगावं असं अजून वाटतं. कधीकधी वाटतं, तू उपाशी राहतेस त्यात माझ्या या हौसेचाही वाटा आहे.

कुस्ती सोड असं मी म्हणत नाही. पण दहावीचं वर्ष पुढं आहे, अंग एकदा खचलं की मॅटही नाही आणि शाळाही नाही, आणि बक्षिसाची ढाल काही... जाऊ दे. भाषण झालं. चुकलं माझं. त्या दिवशी काकीसमोर बोलले, तेही चुकलं.

तुझ्या मॅडमना मी आज सकाळी फोन केला. रागावशील, तर रागाव. शुक्रवारी पहिल्या गाडीनं येतेय, आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. बाबांना सांगितलंय, ते गप्प आहेत. करंज्या आणत नाही. दादानं तुझी ओवाळणी पाकिटात घालून दिलीय, तेवढी आणते.

तुझी,
आई