नायट्रो बग्गी पेट्रोलवर चालत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुटीतल्या छंदांवरचा लेख वाचला. पतंग, कॅरम, टपाल तिकिटं यांवर छान लिहिलं आहे. नायट्रो बग्गीच्या वाट्याला मात्र चारच ओळी आल्या, आणि त्यांतही हे रिमोटचं खेळणं पेट्रोलवर पळतं असं छापलं गेलं. ते चूक आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका गियर कारखान्यात, टूलरूममध्ये माझी ३१ वर्षं गेली. आता नातवामुळे या गाड्या रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितो आहे.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचं बारीकसं वेटोळं. सुरू करताना ते दीड व्होल्टनं तापवायचं. मग बॅटरी काढून घेतली तरी इंधनातल्या मिथेनॉलमुळे तार लालच राहते. पेट्रोलवर ते जमत नाही. वंगणही इंधनातूनच मिळतं : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि सोबत एरंडेल किंवा सिंथेटिक तेल. लेख वाचून एखाद्या पोरानं टाकीत साधं पेट्रोल ओतलं, तर इंधनाची सिलिकॉनची नळी फुगेल आणि इंजिन कोरडं पडेल. शिवाय मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. मुलांसाठीच्या लेखात हे यायलाच हवं होतं.

दुसरी तक्रार ‘खेळणं’ या शब्दाबद्दल. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाच्या बग्गीचं वरचं कवच काढा. खाली ॲल्युमिनियमची पत्र्यासारखी चेसिस आणि तिच्यावर चारही चाकांना ताकद नेणारी अख्खी यंत्रणा उघडी दिसते. इंजिन ३.५ सीसीचं, टू-स्ट्रोक. त्याच्या क्रँकवर फ्लायव्हील, फ्लायव्हीलवर क्लचचे शू, बारीक स्प्रिंगांनी आवळलेले. फेऱ्या वाढल्या की ते बाहेर फेकले जातात आणि क्लच बेलला, म्हणजे भोवतीच्या वाटीला, आतून धरतात. बेलचे दात स्पर गियरला भिडलेले, आणि तो स्पर गियर, म्हणजे मोठं दातेरी चाक, मधल्या डिफरन्शियलच्या डबीलाच बोल्टनं बसवलेला. डिफरन्शियल म्हणजे ताकद दोन बाजूंना वाटून दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गियरांची डबी. तिथून एक शाफ्ट पुढं, एक मागं. दोन्ही टोकांना क्राऊन-पिनियन ही काटकोनात फिरवणारी गियरांची जोडी आणि आणखी एकेक डिफरन्शियल. म्हणजे हातभर लांबीत तीन डिफरन्शियल. ब्रेकच्या चकत्यासुद्धा चाकांत नाहीत, मधल्या डिफरन्शियलच्या दोन बाजूंना आहेत.

दात मोजून पाहा. आमच्या गाडीत बेलचे १३, स्परचे ४६, पिनियनचे १०, क्राऊनचे ४३. गुणाकार केला की इंजिनाच्या साधारण १५ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. इंजिन मिनिटाला ३५,००० फेऱ्यांवर असलं तर चाक २,३०० वर, आणि टायरचा घेर धरला तर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. आठवीतला मुलगा हे वहीवर काढतो. नातवानं काढलं होतं, आणि उत्तर आल्यावर तो गाडीकडे नव्यानं बघत बसला होता.

त्याची गाडी जुनी, वापरलेली घेतलेली. विकणाऱ्यानं ‘सगळं ओके’ म्हणून दिली. थ्रॉटल दाबला की पुढची चाकं जागीच भिरभिरायची, टायर फुगून थाळीसारखे व्हायचे आणि गाडी मात्र ढिम्म. महिनाभर आम्ही कार्बोरेटर पिळत बसलो. शेवटी मधलं डिफरन्शियल खोललं. आत कुणीतरी साधं गियर ऑइल भरलेलं. तेही ओ-रिंगमधून, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीतून, गळून गेलेलं, तळाशी काळा चिखल, चार बारीक गियरांपैकी दोघांचे दात झिजलेले. इथे सिलिकॉन तेल लागतं, तापलं तरी त्याचा घट्टपणा फारसा उतरत नाही. जोर घेताना भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि ते तेल नसलं की सगळी ताकद तिकडंच वाहून जाते. गियर बदलले, सियागंज बाजारातून मापाच्या ओ-रिंगा आणल्या आणि तेल भरलं (आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट) : मागे ३,००० चं, पुढं ५,००० चं, मध्ये मधासारखं ७,००० चं. त्या संध्याकाळी गाडी चारही चाकांवर सरळ निघाली, तेव्हा नातवाच्या आधी मीच ओरडलो.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीनंही बरंच शिकवलं. उन्हाळ्यात ती पिठासारखी उडते. स्पंजच्या फिल्टरला तेल लावलं नसेल तर पिस्टन-स्लीव्ह बघताबघता खलास. रस्त्यावरच्या शर्यतींच्या नायट्रो गाड्यांत पट्टे चालतात, पण बग्गीत शाफ्ट का, ते इथं कळतं : खडा पट्ट्यात अडकला की पट्टा गेला.

इंजिनिअरिंगच्या मुलांची बाहा (BAJA) स्पर्धा २००७ साली सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी कॉलेजांची मुलं स्वतः बांधलेल्या, माणूस बसेल अशा बग्ग्या घेऊन पीथमपूरला आली. कारखान्यात असताना त्यांतली काही मुलं आमच्याकडे शाफ्ट करून घ्यायला यायची. संगणकावरचं चित्र चोख असायचं, पण चारही चाकं चालवायची तर मध्ये तिसरं डिफरन्शियल का, हे विचारलं की गप्प. मला तेव्हा ही गाडी माहीत असती तर टेबलावर ठेवली असती. स्पर गियर अंगठ्यानं घट्ट धरायचा आणि मागची दोन्ही चाकं पुढं फिरवायची. पुढची चाकं उलटी फिरतात. आता मागचं एकच फिरवा आणि पुढची दोन्ही धरून ठेवा. मागचंच दुसरं चाक उलटं जातं. फळ्यावर जे तासभर समजावूनही कळत नाही, ते इथे हाताला कळतं.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. पेट्रोलची दुरुस्ती येत्या रविवारीच, त्याच पुरवणीत छापावी. सुट्या लागल्या आहेत आणि मुलं वाट बघत नाहीत. आणि इंदुरातल्या कुठल्याही शाळेला किंवा आयटीआयला हवं असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. खोललेली बग्गी, ॲलन की आणि सिलिकॉन तेलाच्या बाटल्या घेऊन मी येईन. इंजिन वर्गात सुरू करणार नाही, त्याची गरजही नाही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन
रामबाग, इंदूर