मनू, गाडीत एक वही ठेव

चि. मनू हीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू एक वाक्य बोलून गेलीस आणि ते रात्रभर माझ्या डोक्यातून हललं नाही. "आई, कदाचित माझंच काहीतरी चुकत असेल." गाडीला जेमतेम नऊ महिने झालेत. तीन-चार आठवड्यांतून एकदा चालत्या गाडीची ताकद जाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी ती वेग घेत नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की जसं काही झालंच नव्हतं. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेलीस, चारही वेळा "काही सापडलं नाही" असं ऐकून परत आलीस. आणि आता पाचव्यांदा न्यायच्या आधी तू स्वतःवरच शंका घ्यायला लागलीस. म्हणून आज फोन न करता लिहितेय. बोललेलं विरून जातं, आणि यातल्या काही गोष्टी तुझ्याजवळ कागदावर असायला हव्यात.

तू जे पाहिलंस ते घडलं आहे. हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण मीही एकदा तू आज आहेस तिथे उभी होते. तू तेव्हा मागच्या सीटवर झोपायचीस, तुला आठवणार नाही. आपली गाडी सात महिन्यांची होती आणि रिव्हर्स घेताना अचानक बंद पडायची. पहिल्यांदा नेली तेव्हा सांगितलं, "मॅडम, तुम्ही क्लच लवकर सोडता." दुसऱ्या वेळी बॅटरी बदलली. तिसऱ्या वेळी पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची आणि मग पुन्हा तेच. मला सगळ्यात जास्त बोचलं ते क्लचचं वाक्य. बारा वर्षं गाडी चालवत होते, पण ते मनात इतकं रुतलं की पार्किंगमध्ये मी गाडी अशी लावायला लागले की निघताना रिव्हर्स घ्यावीच लागू नये. दोष गाडीत होता आणि सवयी मी बदलत होते. चार महिने असे घालवले, त्याची रुखरुख अजून आहे.

मग एक वही केली. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, निघून किती मिनिटं झाली, कुठला गिअर, रस्ता कसा, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या. त्यांतल्या ९ रिव्हर्समधल्या, उरलेल्या दोन खड्ड्यातून जातानाच्या. आणि सगळ्या निदान २० मिनिटं गाडी चालल्यानंतरच्या.

ती वही मी वर्कशॉपमधल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीच बसा. हँडब्रेक लावा, रिव्हर्स टाका आणि क्लच अर्धा सोडा." स्वतः टॉर्च घेऊन बाजूला वाकले. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, जोर आला की ते डुलतं, आणि रिव्हर्समध्ये उलट्या बाजूला डुलतं. ते डुललं की वायरिंगचा जुडगा ताणला जाऊन एका पत्र्याच्या कडेवर घासत होता. त्यांनी मला बोलावून दाखवलं. काळी टेप त्या एका जागी झिजून चकचकीत झाली होती. ती सोलल्यावर आत नखाएवढ्या जागेत वायरचं आवरण उडालेलं, तांब्याच्या तारा तुटलेल्या आणि दोन-तीन तारांवर सगळी वायर टिकून राहिलेली. ती क्रँक सेन्सरची वायर होती. पिस्टन कुठे आहे हे इंजिनच्या कॉम्प्युटरला तो सेन्सर सांगतो. तो सिग्नल तुटला की पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही बंद होतात आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. इंजिन परत जागेवर आलं की तारा पुन्हा टेकायच्या आणि गाडी चालू व्हायची. अर्ध्या तासात त्यांनी जोड दिला, नवीन आवरण घातलं, जुडगा पत्र्यापासून बोटभर दूर घेऊन क्लिपने बांधला. ती गाडी आपण पुढे नऊ वर्षं वापरली, पुन्हा कधी तशी बंद पडली नाही.

आता तुझ्या गाडीबद्दल. तू पाठवलेले जॉबकार्डचे, म्हणजे गाडी आत घेताना ते तक्रार लिहितात त्या कागदाचे, फोटो मी नीट पाहिले. दुसऱ्या वेळी गाडी दोन दिवस त्यांच्याकडे होती, आणि आत घेतानाचा आणि परत देतानाचा किलोमीटरचा आकडा यात फरक आहे फक्त ३. तुझा दोष येतो साधारण ४० मिनिटं चालवल्यावर. थंड इंजिनवर ३ किलोमीटर फिरवून तो कुणालाच दिसणार नाही. ते लोक खोटं बोलत नाहीत, मनू, त्यांना खरंच काही सापडलं नाही. पण जिथे आणि जेव्हा तो दोष येतो तिथे त्यांनी शोधलंच नाही. पाचव्या वेळी भांडायचं असेल तर या एका मुद्द्यावर भांड.

आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला बहुधा केबल नसते. पॅडलमध्ये पाय किती दाबला हे मोजणारे दोन सेन्सर असतात आणि कॉम्प्युटर दोघांचे आकडे सतत ताडून पाहतो. ते जुळले नाहीत, की पायावर भरवसा न ठेवता तो ताकद कमी करतो, म्हणजे गाडी हळूहळू सुरक्षित जागी नेता येते. याला लिंप मोड म्हणतात. दुसऱ्याही काही दोषांत असं होतं, म्हणून तुझ्या गाडीत नेमकं तेच आहे असं मी म्हणत नाही. आणि तूही तिथे जाऊन "पॅडलचा सेन्सर बदला" असं म्हणू नकोस. ते बदलतील, दोष एखाद्या कनेक्टरच्या सैल पिनेत असेल तर तो तसाच राहील, आणि तुझ्या सांगण्यावरूनच बदललं असं कागदावर येईल. काय झालं ते सांग, का झालं ते त्यांना शोधू दे.

दिवा लागतो तेव्हा कॉम्प्युटर एरर कोड साठवतो, आणि बऱ्याच कोडसोबत त्या क्षणाचं चित्रही साठवतो. वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, तापमान किती, भार किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तुझ्या बाजूचा याहून चांगला साक्षीदार नाही. पण स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून कोड वाचायच्या यंत्रावर, कोड पुसला की ते चित्रही जातं, आणि बॅटरीची वायर काढली तरी अनेक गाड्यांत जातं. म्हणून वाटेत कुणी "बॅटरी काढून लावा, सगळं ठीक होईल" म्हणालं तर करू देऊ नकोस. पुढच्या वेळी दिवा लागला की शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी जमलं तर त्याच दिवशी गाडी घेऊन जा, आणि पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमची प्रिंट माग. प्रिंट नाही म्हणाले तर स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढ. मागच्या चार वेळी त्यांनी कोड वाचला होता की नुसता पुसला, हे तुझ्या एकाही जॉबकार्डवर लिहिलेलं नाही. ते विचार.

जॉबकार्डवर तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे. आधीच्या चारही कार्डांवर लिहिलंय, "पिकअप कमी." त्या दोन शब्दांत तुझा दोष कुठेच नाही. "सुमारे ४० मिनिटं चालवल्यावर, ५० ते ६० च्या वेगात ताकद अचानक जाते, पिवळा दिवा लागतो, बंद करून चालू केल्यावर पूर्ववत होते, हीच तक्रार पाचव्यांदा" असं सगळं लिहायला लाव आणि वाचल्याशिवाय सही करू नकोस. आकडे अर्थात तू गाडीत ठेवशील त्या वहीतले घाल. टेक्निशियनला सांग की मी चालवते, तुम्ही स्कॅनर लावून शेजारी बसा, आणि तासभर जाऊया. चालत्या गाडीतले सेन्सरचे आकडे स्कॅनरवर रेकॉर्ड करता येतात. या मॉडेलसाठी कंपनीने वर्कशॉपला काही तांत्रिक सूचना पाठवली आहे का, सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आहे का, हेही विचार. ठाऊक असलेल्या दोषांवर कंपन्या अशा सूचना काढतात, पण गिऱ्हाईकाला ती कुणी आपणहून दाखवत नाही.

आणि तू गाडीत लावलेल्या डॅशकॅमचं, म्हणजे रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, लपवू नकोस. तो बाहेरून बसवताना कुठल्या वायरला जोड दिलाय ते आपल्याला माहीत नाही. दोष त्याच्या आधीपासूनचा आहे हे खरं, पण निघायच्या आधी तो नीट काढून घे, म्हणजे बोट दाखवायला जागा उरणार नाही.

या वेळीही "काही सापडलं नाही" म्हणाले, तर काउंटरवर वाद घालत बसू नकोस. घरी येऊन थेट कंपनीला लेखी तक्रार कर. पाचही भेटींच्या तारखा, किलोमीटर आणि जॉबकार्डांच्या प्रती जोड, तक्रार क्रमांक घे, आणि कंपनीचा इंजिनिअर गाडी पाहायला पाठवा असं स्पष्ट लिही. दोष वॉरंटीत असताना नोंदवलाय आणि तो अजून तसाच आहे, हे त्यात ठळक असू दे. वॉरंटी संपेपर्यंत दिवस काढायचे, हा काही ठिकाणी नकळत पडलेला शिरस्ता असतो. लेखी तारीख असली की तो चालत नाही.

आता आईची काळजी, ती न सांगता राहवणार नाही. पुन्हा ताकद गेली तर आधी हॅझार्ड लाइट लाव आणि घाई न करता बाजूला घे. इंजिन पूर्णच बंद पडलं तर स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. ब्रेकही लागेल. पॅडल एकदाच जोरात दाबून धरायचं, पुन्हा पुन्हा मारायचं नाही, कारण इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणाऱ्या मदतीचा साठा एक-दोन दाबांत संपतो आणि मग पॅडल दगडासारखं होतं. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नकोस, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पिवळा दिवा लुकलुकायला लागला, किंवा लाल दिवा लागला, तर पुढे रेटायचं नाही, थांबायचं आणि टो मागवायचा. वर्दळीच्या वेगवान रस्त्यावर हा दोष निघेपर्यंत ही गाडी नको नेऊस. एवढं माझं ऐक.

शनिवारी मी येते. तू चालव, मी शेजारी बसून लिहीन. लागला दिवा तर तिथूनच सरळ वर्कशॉपला जाऊ, नाही लागला तर रविवारी पुन्हा निघू. वही आणि दोन पेनं मी पिशवीत टाकून ठेवली आहेत.

तुझी,
आई