हिरवी गाडी आणि नियम १२१ : रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा वाईचा. गेली चौदा वर्षं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ राहतो आणि वाहन उद्योगात नोकरी करतो. येत्या वर्षा-दीड वर्षात कायमचा परत यायचा विचार आहे. येताना कपडे, पुस्तकं, भांडी येतीलच, पण सोबत एक गाडीही आणायची आहे, आणि सगळं घोडं तिथंच अडलंय. तुम्हाला मराठीत लिहिता येतं हे माझं नशीब. नाहीतर या गाडीबद्दल इंग्रजीत लिहिताना मी तक्रारखोर वाटतो असं बायको म्हणते.

गाडी १९७१ सालची लँड रोव्हर आहे, ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेली. फौजेच्या कागदावर तिचं नाव ‘ट्रक, युटिलिटी, अर्धा टन’. लोक तिला लाइटवेट म्हणतात. (कागदावरचा ‘ट्रक’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.)

या लाइटवेटचा जन्म हेलिकॉप्टरला टांगण्यासाठी झाला. साठच्या दशकात ब्रिटिश मरीन्सना अशी गाडी हवी होती, जी वेसेक्स हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येईल. वजनाची अट होती अडीच हजार पौंड, म्हणजे साधारण ११३४ किलो. साधी लँड रोव्हर त्यात बसेना. मग कारखान्याने बॉडी चार इंचांनी अरुंद केली, गोलसर मडगार्ड काढून सपाट पत्रे लावले, आणि दारं, काच, हूड, मागचे वरचे पत्रे पाना घेऊन उतरवता येतील असे केले. एवढं सगळं उतरवल्यावरही वजन भरलं १२०० किलोच्या आसपास! पण तोवर हेलिकॉप्टरची ताकद वाढली होती, त्यामुळे फौजेने ते चालवून घेतलं. गंमत म्हणजे उतरवलेलं सगळं परत चढवलं की ही ‘लाइटवेट’ साध्या लँड रोव्हरपेक्षा जड भरते. १९६८ ते १९८४ अशी ती बनत राहिली.

माझीच्या मागच्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोल डब्याला) पांढरा रंग आहे आणि त्याच्यावर एक बारका दिवा. हेडलाइट बंद ठेवून ताफा रात्री निघाला की मागच्या ड्रायव्हरने फक्त तो पांढरा ठिपका बघत यायचं. एका लिव्हरची मूठ पिवळी, दुसरीची लाल. पिवळी दाबली की पुढची चाकंही ओढायला लागतात, लाल मागे ओढली की गिअर खालच्या पट्टीत जातात आणि गाडी चिखलातून बैलासारखी निघते. इंजिन २२८६ सीसी, पेट्रोल. ॲव्हरेज विचारू नका. लिटरला सहा किलोमीटर दिले तर त्या दिवशी वारा पाठीमागून असतो. ताशी ८० च्या पुढे आवाज एवढा होतो की शेजारच्याशी बोलायचं तर खाणाखुणा कराव्या लागतात. तुम्ही महाराष्ट्राचे बांधकाम मंत्री असताना काम सुरू झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर ही गाडी मी कधीही आणणार नाही, हे आत्ताच लिहून देतो.

वेल्सच्या सीमेजवळच्या एका शेतकऱ्याकडून ती घेतली, तेव्हा तिच्यात मेंढ्यांची लोकर आणि दोन उंदरांची घरं होती. बॉडी ॲल्युमिनियमची, तिला काही झालं नव्हतं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं म्हणून १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरला ॲल्युमिनियमची मिश्रधातू वापरली, आणि तीच चाल पुढे राहिली. पण चॅसी पोलादाचीच, आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मागची आडवी पट्टी बोटाने टोकरली तरी पडेल अशी झाली होती. दोन हिवाळे गॅरेजात वेल्डिंग करण्यात गेले.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, एसटीत ड्रायव्हर होते. पसरणी घाटाने वाई–महाबळेश्वर त्यांनी किती वेळा केलं याचा हिशेब नाही. ते इथे आले तेव्हा एका ओळखीच्या माणसाच्या शेतात मी त्यांच्या हातात गाडी दिली. या मॉडेलच्या पहिल्या-दुसऱ्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय) नाही. खाली येताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक हलका दणका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. हे शिकायला मला तीन आठवडे लागले होते आणि तोवर गिअरबॉक्सने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. दादांनी पहिल्याच चढावर डबल क्लच मारून गाडी दुसऱ्यातून पहिल्यात अशी टाकली की आवाजसुद्धा झाला नाही. उतरल्यावर एवढंच म्हणाले, “ब्रेक लांब लागतोय, बघून घे.” खरोखरच मागच्या ब्रेकचा सिलिंडर गळत होता.

आता मूळ मुद्दा. विंटेज गाड्यांसाठी तुमच्या मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्याबद्दल आधी आभार मानतो. त्याआधी प्रत्येक आरटीओत वेगळा कायदा होता. आता ‘व्हीए’ मालिकेचा नंबर आहे, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,०००, मुदत दहा वर्षं. सगळं स्वच्छ. आयातीची अटही २०२५ मध्ये सैल झाली. पूर्वी १९५० च्या आधीचीच गाडी विंटेज म्हणून आणता येई, आता पन्नाशी ओलांडलेली चालते. आयात शुल्काबद्दल मी काही बोलत नाही. ते खातं तुमचं नाही, आणि आकडा बघितल्यापासून मी तो मनातल्या मनातही उच्चारत नाही.

पण हे नियम लिहिताना डोळ्यांसमोर मोटारी होत्या, महाराजांच्या आणि शेठजींच्या. फौजी गाडी त्यात कुठेच बसत नाही.

वयाचंच बघा. नियमात पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. मोटारीच्या बाबतीत कारखाना, विक्री आणि नोंदणी एकाच महिन्यात होतात. फौजी गाडी आधी दहा-पंधरा वर्षं सैन्याच्या नंबरावर पळते आणि लिलावात विकली गेली की मगच तिला नागरी नंबर मिळतो. माझी १९७१ साली बनली, नागरी नोंदणी १९८४ ची. तुमच्या नियमाचा शब्दशः अर्थ लावला तर ती २०३४ साली विंटेज होईल, आणि तेव्हा ती ६३ वर्षांची असेल! ब्रिटनमध्ये हा घोळ साधेपणाने सोडवलाय. आरसीवर पहिल्या नोंदणीची तारीख असतेच, शिवाय निर्मितीचं वर्ष वेगळं लिहितात आणि वय त्यावरून धरतात. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, चॅसी नंबर दिला की तिथून दाखला मिळतो. तसा दाखला आपल्याकडे ग्राह्य धरावा, एवढी दुरुस्ती पुरेल.

मग तो ‘ट्रक’. विंटेजचे नियम दुचाकींना आणि एम-१ वर्गातल्या चारचाकींना, म्हणजे प्रवासी मोटारींना लागू आहेत. माझ्या गाडीला पुढे तीन सीट, मागे उघडा हौदा आणि दोन बाकं. ती मोटार की टेम्पो? सुट्टीत आलो होतो तेव्हा एका आरटीओ कार्यालयात फोटो दाखवले. तिथल्या भल्या माणसाने चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, ही तर मालवाहू.” त्याची चूक नाही. ज्या फौजेने ती विकत घेतली तिनेही तिला ट्रकच म्हटलंय. पन्नास वर्षांच्या अर्ध्या टनाच्या गाडीने कोण मालवाहतूक करणार आहे? साडेतीन टनांखालच्या जुन्या फौजी गाड्यांना या नियमात जागा द्या.

गाडी मूळ स्वरूपातच असली पाहिजे, ही नियमातली अट मला मनापासून मान्य आहे. जुन्या गाडीला अलॉय चाकं आणि डिझेल इंजिन बसवणाऱ्यांना माझ्या मते थोडी शिक्षाही असावी. फक्त एक ध्यानात घ्या. फौजेच्या वर्कशॉपमध्ये इंजिन ही भावनेची वस्तू नसते. बिघडलं की उतरवायचं, दुरुस्त करून ठेवलेलं दुसरं चढवायचं, गाडी संध्याकाळपर्यंत रांगेत. त्यामुळे इंजिन नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळत नाही, आणि फौजी गाडीच्या बाबतीत तेच तिचं अस्सल असणं आहे.

आणि रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याची सोडून इतर गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. नियमामागचं कारण उघड आहे आणि मला पटतं. फौजी रंगाची गाडी घेऊन कोणीही छावणीच्या फाटकाशी जाऊन उभं राहू नये. पण माझी गाडी कारखान्यातून गर्द ब्राँझ हिरवी निघाली आणि सत्तरच्या दशकात फौजेने तिच्यावर काळपट, बिनचमकीचा हिरवा चढवला. त्याला ऑलिव्ह म्हणायचं की नाही, हे बघणाऱ्या इन्स्पेक्टरच्या डोळ्यांवर. म्हणजे विंटेजचा नियम म्हणतो मूळ रूप बदलू नकोस, नियम १२१ म्हणतो बदललंच पाहिजे. मी कुठलाही एक पाळला की दुसरा मोडतो. ब्राँझ हिरवा चालेल असं एका ओळीचं परिपत्रक निघालं तरी माझ्यासारख्यांचा प्रश्न मिटेल. सैन्याच्या खुणा आणि नंबर मी पुसून टाकायला तयार आहे.

हे सगळं मात्र तपशिलाचं आहे. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते वेगळं. तुमच्या नियमानुसार विंटेज गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, रॅलीसाठी, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच. धंद्याचं समजलं. पण रविवारी सकाळी दादांना घेऊन मेणवलीच्या घाटापर्यंत जाऊन यायचं, हे यातल्या कशात बसतं?

गाडी चालवली नाही की ती मरते, साहेब. महिनाभर उभी राहिली की ब्रेकचे सिलिंडर धरतात. ऑइल सील सुकतात आणि मग गळती सुरू होते. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, त्यात तुमचं लाडकं इथेनॉल पाणी ओढून घेतं. (इथेनॉलवर मी वाद घालत नाही, ऊसवाल्यांच्या तालुक्यातला आहे, रबरी नळ्या बदलून घेईन.) टायर एकाच जागी चपटे होतात. म्हणून जुन्या गाडीला दर आठ-पंधरा दिवसांनी वीस-तीस किलोमीटर, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही नीट तापतील एवढं चालवावंच लागतं. आपल्याकडचे मालकही चालवतात. पोलिसाने अडवलं की सांगतात, “दुरुस्तीला चाललोय.” साठी उलटलेल्या सभ्य माणसांना दर रविवारी खोटं बोलायला लावायचं, असा हेतू नियमाचा नक्कीच नसणार.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर माफ आहे. मे २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, गाडीत मोठा बदल केलेला नसला म्हणजे झालं. बाजाराला जा, समुद्रावर जा, कुठेही जा. गाडी धड ठेवण्याची जबाबदारी मालकाची, आणि विमा हवाच. लगाम येतो तो विम्यातून. विमा कंपन्या हप्ता स्वस्त देतात आणि बदल्यात वर्षाला इतकेच मैल चालवीन असं कबूल करून घेतात. आमच्या भागात शनिवारी दूध आणायला चाललेली फौजी लँड रोव्हर बघून कोणी मान वळवत नाही, फार तर एखादे आजोबा थांबून आपण जर्मनीत तैनात असताना हीच चालवायचो ते वीस मिनिटं सांगतात.

तपासणी माफ करा असं मी म्हणत नाही. आपल्या रस्त्यांवर ती हवीच, आणि दादांच्या त्या ब्रेकनंतर तर माझा त्यावर ठाम विश्वास आहे. व्हीए नंबरच्या गाडीला वर्षाला तीन हजार किलोमीटर खासगी वापराची मुभा द्या. आकडा विम्याच्या कागदावर छापा, दरवर्षी तपासणीच्या वेळी मीटर बघा, जास्त निघाला तर दंड करा. द्रुतगती महामार्ग बंद ठेवा, मोठ्या शहरांत गर्दीच्या वेळी बंद ठेवा. आम्ही कुरकुर करणार नाही. तशीही पुण्याच्या गर्दीत ही गाडी पाचव्या मिनिटाला तापेल.

कंटेनर ठरवायला मला अजून अवकाश आहे. नियमात दुरुस्ती व्हायला वेळ लागतो हेही कळतं. रंगाचं तेवढं आधी कळवलंत तर बरं होईल. बॉनेट आणि डावं मडगार्ड घासून उघडं केलेलं आहे आणि ब्राँझ हिरव्याचा पाच लिटरचा डबा गॅरेजात आणून ठेवलाय. तो उघडायचा की परत करायचा, तेवढ्यासाठी थांबलोय.

आपला,
वाईचा एक एसटी ड्रायव्हरचा मुलगा
(मुक्काम कॉव्हेंट्री)