पफिन दिसलाच, पण सांगायचंय भलतंच

पुणे,
१२ जुलै

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

आम्ही नॉर्वेहून परतल्यावर फोनवर तू एवढंच विचारलंस, "पफिन दिसला का?" मी "दिसला" म्हणालो आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले. म्हणून आता हे पत्र. फोटो पाहिले असशीलच. पण फोटोत हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी, पफिनच, जास्त आलेत आणि मला बोलायचंय ते बाकीच्या पक्ष्यांबद्दल.

आधी नकाशा काढ. नॉर्वे वर जाता जाता उजवीकडे वळतो आणि फिनलंडच्या डोक्यावरून थेट रशियाला जाऊन टेकतो. त्या शेवटच्या कोपऱ्यात वारांगर फ्योर्ड, म्हणजे जमिनीत लांबवर शिरलेली समुद्राची खाडी आहे. नॉर्वे म्हणजे युरोपचा पश्चिम किनारा असं आपल्या डोक्यात असतं, पण या टोकाचं वार्डो गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला येतं! अक्षांश सत्तरच्या वर. एवढ्या उत्तरेला असूनही समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकमधला गरम पाण्याचा प्रवाह इथवर पोचतो. मासळी भरपूर, म्हणून पाखरं भरपूर. बाकी सगळं उघडं बोडकं: दगड, शेवाळ, मध्येच रेनडिअरचा कळप रस्त्यात आडवा उभा. हॉर्न वाजवून उपयोग नाही, ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

माधुरी होतीच, शिवाय माझा ऑस्लोचा भाचा निखिल सोबत होता, गाडी त्यानेच चालवली. किर्केनेसपर्यंत विमान, पुढे फ्योर्डच्या काठाकाठाने रस्ता. वारांगरबोटनला ई-७५ लागतो. या रस्त्याचं दुसरं टोक ग्रीसमध्ये, क्रीट बेटावर. हे कळल्यावर माधुरीचं म्हणणं, "मग आपण त्या टोकाला का नाही गेलो?" तिच्या अंगावर तेव्हा दोन स्वेटर आणि माझं जाकीट होतं. जून महिना बरं का.

आता पफिन, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. वार्डोच्या बंदरातून छोटी बोट दहाएक मिनिटांत होर्नोया बेटावर सोडते. बेटाचा कडा आधी नाकाला कळतो. हजारो पक्ष्यांच्या विष्ठेचा वास वाऱ्यावर बंदराच्या दिशेने येत असतो. मग आवाज. आणि उतरलास की पायवाट थेट कड्याच्या पायथ्याशीच. वाटेच्या कडेला शॅग बसलेले, म्हणजे आपल्या पाणकावळ्याचे चुलतभाऊ, हिरवट काळे, डोळे पाचूसारखे. अंडी घेऊन बसलेत आणि आपण हातभर अंतरावरून चाललोय याचं त्यांना काही नाही. फक्त मान वळवून चोच उघडतात, की पुरे, पुढे व्हा.

पफिन वरच्या गवताळ उतारावर बिळं करून राहतात. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लहान पक्षी आहे तो, पारव्याहून काही मोठा नाही. दुर्बीण ठेवूनच दिली मी. एक समोर येऊन उतरला, चोचीत बारीक मासे आडवे धरलेले, दोन्ही बाजूंनी शेपट्या लोंबताहेत. पहिले मासे न सोडता पुढचे कसे पकडतो माहीत आहे? जीभ आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात, पकडलेला मासा त्यात अडकवून ठेवायचा आणि चोच पुन्हा उघडायची. ती रंगीत चोचसुद्धा विणीपुरतीच, नंतर वरचे रंगीत तुकडे गळून पडतात. पाहिला, पोटभर पाहिला, पैसे वसूल. फोटोवाल्यांनी मात्र तिथे नुसती जत्रा भरवली होती. एकेकाची लेन्स बघून मला आपल्या जुन्या दुर्बिणीची लाज वाटेना, उलट हलकं वाटलं.

खरा खेळ कड्यावर होता. गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या खडकाच्या वीतभर कंगोऱ्यावर एकच अंडं, एका बाजूला निमुळतं. प्रत्येक अंड्याचा रंग आणि रेघोट्या वेगळ्या, त्यावरून आपलं कुठलं ते आई-बापाला कळतं. खांद्याला खांदा लावून सगळे उभे, मधल्या कुणाला उडायचं असेल तर शेजाऱ्यांशी भांडूनच निघावं लागतं. त्यात ब्रुनिश गिलेमॉट म्हणून दुसरी जात मिसळलेली. ओळखायचं कसं, तर चोचीच्या कडेला पांढरी रेघ. निखिलला ती लगेच दिसायची. मला स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनसुद्धा वेळ लागायचा.

आणि एकाएकी सगळा कडा रिकामा झाला. एका क्षणात. हजारो पक्षी खाली झेपावले, डोक्यावरून वारा गेल्याचा आवाज झाला, आणि मग दिसला पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड, संथपणे कड्यासमोरून जाताना. त्याने काही पकडलं नाही. पण जी अंडी उघडी पडली त्यांच्यावर मोठ्या कुरवांनी, म्हणजे सीगलनी, लगेच झडप घातली. एका कुरवाने माझ्यापासून पाचसात पावलांवर एक निळसर अंडं फोडलं आणि बलक खाऊन चोच दगडाला पुसली. माधुरीने तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. एवढे पक्षी दिसतात तरी नॉर्वेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत हा गिलेमॉट अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्या कड्याखाली उभं राहून हे खरंच वाटत नाही.

किटिवेक या छोट्या कुरवाचं तर आणखी वाईट. तोही लाल यादीत आहेच, त्यात २०२३च्या उन्हाळ्यात वाडसो भागात बर्ड फ्लूने हजारोंनी मेले. आता काही जोड्या समुद्राचे कडे सोडून गावात येतात, खिडकीच्या कट्ट्यावर घरटं करतात. रात्रंदिवस कलकलाट, खाली भिंत पांढरी. आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाई वैतागल्या होत्या, पण त्यांनी घरटं काढलं नव्हतं. आपल्याकडे बाल्कनीतल्या पारव्यांवरून सोसायटीच्या सभेत काय होतं ते तुला माहीतच आहे.

वार्डोत पक्ष्यांखेरीज एकच गोष्ट पाहिली. सतराव्या शतकात या भागात चेटूक केल्याच्या आरोपावरून ९१ जणांचे जीव घेतले, बहुतेक बायका. त्यांचं स्मारक २०११मध्ये समुद्रकाठी उभं राहिलं. लांबलचक अंधारा बोळ, प्रत्येकाच्या नावाची एक छोटी खिडकी, खिडकीत एक दिवा, शेजारी खटल्याचा मजकूर. आरोप काय, तर वादळ उठवून होड्या बुडवल्या. निखिल एकेक पाटी वाचून सांगत होता, नंतर तोही गप्प झाला. बाहेर आल्यावर बराच वेळ कुणी पक्ष्यांचं नाव काढलं नाही.

जेवणाचं विचारशील म्हणून सांगतो. मेतकूट, भाजणी, मुगाची डाळ असा सगळा शिधा माधुरीने पुण्याहून नेला होता, त्यामुळे आमचं निभावलं. बाहेर खायचं तर रुपयांत गुणाकार करायचा नाही, हा पहिला नियम. तिथलं तपकिरी चीज मात्र मला फार आवडलं. दुधाची निवळी साय घालून आटवत आटवत करतात, थेट पेढ्याच्या कढईतली खरवड लागते. गरम वॅफलवर घालून खायचं.

आता मुद्द्यावर येतो. फ्योर्डच्या आत नेसेबी म्हणून वस्ती आहे, सामी लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. पाण्यात शिरलेल्या जिभेवर एक पांढरं लाकडी चर्च आणि त्याच्याजवळ उथळ डबकी. रात्री अकरा-साडेअकराला गेलो, कारण तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही आणि झोपायचं कधी हे कुणी सांगत नाही. डबक्यात फॅलरोप होते, लाल मानेचे. साळुंकीहून छोटा पक्षी, वजन पस्तीसेक ग्रॅम. पोहत होते, आणि पोहता पोहता एकाच जागी गरगर फिरायचे. फिरण्याने पाण्यात खालून वर ओढ तयार होते, तळाचे किडे वर येतात, आणि प्रत्येक फेरीला बारीक काळी चोच टचकन पाण्याला लावायची. मी काठावर पोटावर पडलो होतो. एक फिरत फिरत इतका जवळ आला की पाठीवरच्या सोनेरी रेघा मोजता आल्या असत्या.

यांच्यात मादी जास्त देखणी. नरासाठी माद्याच भांडतात आणि अंडी घातली की निघून जातात. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची, सगळं नराकडे. हे मी सांगितल्यावर माधुरीने चष्मा पुसून पुन्हा नीट पाहिलं.

पण अवी, हे पक्षी हिवाळ्यात कुठे जातात ते ऐक. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडच्या फेटलर बेटावर २०१२मध्ये काही फॅलरोपांच्या अंगावर प्रवासाची नोंद ठेवणारी चिमुकली यंत्रं बसवली होती. त्यातला एक पुढच्या वर्षी परत आला तेव्हा कळलं की तो अटलांटिक ओलांडून थेट पॅसिफिकमध्ये, इक्वेडोर-पेरूच्या किनाऱ्यापलीकडे जाऊन आला होता. जाऊन-येऊन पंचवीस हजार किलोमीटरच्या वर. स्कँडिनेव्हियातले मात्र तिकडे जात नाहीत. ते आग्नेयेला वळतात आणि येतात अरबी समुद्रात. आपल्या अरबी समुद्रात! अख्खा हिवाळा भर समुद्रात लाटांवर बसून काढतात, जमिनीला पाय लावत नाहीत. म्हणजे मी ज्याच्यासाठी विमानं बदलत उत्तर ध्रुवाच्या शेजारी जाऊन पोटावर पडलो, तो डिसेंबरात कोकणासमोरच्याच समुद्रात असतो.

दुसऱ्या दिवशी याच्यावर कडी झाली. बर्चच्या खुरट्या झाडोऱ्यात कुणीतरी गात होतं. गात म्हणजे काय, मधूनच तुतारीची शीळ, मधूनच दुसऱ्या कुणाची तरी नक्कल, मग घंटीसारखं काहीतरी. शेंड्यावर येऊन बसला तो ब्लूथ्रोट. तुझा ब्लूथ्रोट, हरिपूरला संगमाजवळ पाणकणसात तू मला दाखवलेला. आठव, तिथे तो कसा शेपटी वर करून उंदरासारखा पळाला होता आणि अर्धा तास थांबून दोनदा चिकचिक एवढंच ऐकलं आपण. इथे तोच पक्षी गळा फुगवून उघड्यावर बसलेला, गळ्याचा निळा रंग उन्हात पेटलेला, मधोमध विटकरी ठिपका. आकाशात उडून गात गात खाली यायचा आणि पुन्हा त्याच शेंड्यावर. नॉर्वेतल्या ब्लूथ्रोटांवरही अशी यंत्रं लावून पाहिलंय, आणि ते आग्नेयेला आपल्या उपखंडाकडे येतात. हरिपूरचा नेमका कुठला हे कोण सांगणार, सायबेरियातलाही असेल. पण मला आपलं वाटून गेलं की हा आपल्याकडे राहतो तो नोकरीसाठी, आणि गाणं गायला घरी येतो.

रफ नावाचे पक्षीसुद्धा भेटले. भिगवणला मळकट तपकिरी दिसतात तेच, पण इथे नरांना गळ्याभोवती पिसांचा भला मोठा झालर-पसारा, कुणाचा पांढरा, कुणाचा काळा, कुणाचा तांबूस. दलदलीत एकमेकांसमोर वाकून थरथरत होते. निखिल म्हणाला, "मामा, हे तेच कसे असतील?" मलाही पटवून द्यायला वेळ लागला.

म्हणून म्हणतो, पफिन दिसला ते चांगलंच झालं, पण तो तिथलाच आहे. त्याला पाहून मी खूश झालो. या बाकीच्यांना पाहून मला गाववाले भेटल्यासारखं झालं, आणि तू सोबत नाहीस याची चुटपुट तेव्हाच लागली.

तुला जायचं असेल तर जूनच धर, गुडघा बरा झाला की पुढच्या वर्षी. वारा अडवणारं जाकीट, हातमोजे आणि झोपताना डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी. टर्नच्या, म्हणजे सुरयांच्या, वसाहतीजवळून जाताना ट्रायपॉड डोक्याच्या वर धरायचा. ते सगळ्यात उंच वस्तूवर चोच मारतात, ती वस्तू तुझं टक्कल नसलेली बरी.

पण त्याआधी एक काम आहे. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की मालवणहून एखादी मच्छीमार बोट ठरवू, जितकं आत नेतील तितकं आत जाऊ आणि फॅलरोप शोधू. मी एका ओळखीच्या माणसाशी बोललोय, तो तयार आहे, पहाटे चारला निघायचं म्हणतो. तुला बोट लागते हे मला माहीत आहे. आवळासुपारी घेऊन ये, आणि वहिनींना विचारून तारीख कळव.

तुझा,
शिरीष