हवालदार काका, आमच्या जुळ्यांना तुम्ही वेगवेगळं पळायला शिकवलंत

आदरणीय हवालदार काका,
सा. न. वि. वि.

मंडळाने गणपतीत तुमचा सत्कार ठेवला, तर तुम्ही आदल्या दिवशीच गावी निघून गेलात. आम्ही दिलेले पेढेही मैदानावरच्या पोरांत वाटून टाकलेत. म्हणून आज चारचौघांत लिहितेय.

आमच्या काळाचौकीच्या चाळीतून फौजेत कुणी गेलेलं नव्हतं. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावातल्या पोराला भरतीचं सांगायला घरातच माणूस असतो. माझ्या जुळ्या भावांना ऑनलाइन परीक्षा कशी असते, मेडिकलला काय बघतात, काही ठाऊक नव्हतं. अंगात रग तेवढी होती. शहीद भगतसिंग मैदानावर तुम्ही पहाटे पोरांना पळवता, हे आईला दूधवाल्याकडून कळलं.

तुम्हाला जे चार दिवसांत दिसलं, ते आम्हाला एकोणीस वर्षांत दिसलं नाही. थोरला, म्हणजे सात मिनिटांनी थोरला, शेवटच्या फेरीत हळू व्हायचा. मागे धाकट्याचा श्वास ऐकू आला नाही की त्याचे पाय आखडायचे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण 60 गुण, त्यापुढे पावणेसहापर्यंत 48. हा पाच चाळीसला अडकलेला. आम्ही घरी त्याची अंडी वाढवत होतो. तुम्ही त्याला विचारलंत, "मागे कोण राहिलंय तुझं?"

दुसऱ्या दिवसापासून धाकट्याला साडेचारला बोलावलंत, थोरल्याला सव्वापाचला. आठवडाभर दोघं घरात घुम्यासारखे. आई तर तुमच्यावर चिडलीच होती. आणि एका सकाळी थोरला घामाने निथळत जिन्यातूनच ओरडला, "ताई, पाच एकवीस!"

मेडिकलला धाकट्याच्या कानात मळ निघाला. तात्पुरता अनफिट. घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही. तुम्ही त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलंत, फी आम्हाला भरू दिली नाहीत, आणि पुन्हा तपासणीच्या दिवशी पहिल्या लोकलने त्याच्याबरोबर गेलात. कागदांच्या झेरॉक्स तुमच्या कापडी पिशवीत, एकावर एक, क्रमाने लावलेल्या. ती पिशवी मला अजून दिसते.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या परेडला आम्ही गेलो. या रेजिमेंटची पहिली पलटण 1768 साली मुंबईतच उभी राहिली, हे तुम्ही सांगितल्यापासून आईला बेळगाव परकं वाटत नाही. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' झालं आणि एकसारख्या गणवेशात आमचे दोघे कुठले, ते आईलाही ओळखता येईना. जवानांच्या आई-वडिलांना देतात ते गौरव पदक तिला लावल्यावर तिने ते पदराने पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

आता दोघं दोन वेगळ्या पलटणींत आहेत. अग्निवीरांचं तुम्हाला माहीतच आहे: चार वर्षं, मग पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम. एक राहिला आणि एक परत आला तर? ही धास्ती मला रात्री झोपू देत नाही. परवा फोनवर न राहवून थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, काकांनी सांगितलंय ना, आपली लाइन आपण पळायची." आवाजात जराही कंप नव्हता. काका, हे तुमचं देणं आहे.

दोघांचे सरावाचे बूट आईने धुऊन, वाळवून ठेवलेत. सोमवारी मैदानावर घेऊन येते. आठ नंबर आहे. कुणाच्या पायाला बसतील ते तुम्हीच बघा.

तुमची,
जुळ्यांची ताई
काळाचौकी, मुंबई